झाकणबाई आणि शनिवारची गंमत

शनिवार उजाडला की झाकणबाईला ऑफिसात जाणं नकोसं व्हायचं. ऑफिसातला चहा काही वाईट नव्हता. पण शनिवारी तो 'गंमती'बरोबर प्यावा लागायचा, आणि ती गंमत तिच्या घशाखाली उतरायची नाही.

मुलांना घरबसल्या कॉम्प्युटरवर शिकवणारी ती संस्था. शिक्षक आपापल्या घरून शिकवत, मुलं आपापल्या घरी शिकत, आणि झाकणबाई त्या शिक्षकांना तयार करी. त्यांना धडे, चित्रं, गणितं पुरवायची. आवाज चिरका येतोय, फळा दिसत नाही, पोरगं तोंडच उघडत नाही, असल्या तक्रारी निस्तरायच्या. आणि प्रशिक्षणाच्या शेवटी, मंडळी जांभया द्यायला लागली की, मुलांच्या खाजगीपणाचे नियम सांगायचे. आडनाव दिसतंय, झाका. पत्ता झाका. मार्क झाका. मागचं घर दिसत असेल तर मुलाला ते धूसर करायला शिकवा, पण चारचौघांत नको, हळूच. या 'झाका, झाका'मुळे तिचं नावच झाकणबाई पडलं. तिला त्याचा राग नव्हता. उघड्यावर माशा बसतात, त्यापेक्षा झाकण बरं, असं ती म्हणायची.

बसायला तिला मोडके पंखे ठेवायची खोली दिली होती. हेडफोन ऑफिसातल्या सगळ्यांत मिळून एक. त्याच्या कानावरचा स्पंज सोलवटलेला आणि कुणाकुणाच्या केसांच्या तेलाने चिकट झालेला. ती रोज सकाळी तो पुसायची, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तसाच. हल्ली तिला तिथली माणसंही तशीच वाटायला लागली होती.

शनिवारी सगळे शिक्षक ऑफिसात जमत. आठवडाभरात वर्गात जे काही हसण्यासारखं घडलं असेल त्याची क्लिप प्रत्येकाने पाठवायची आणि ती मोठ्या पडद्यावर लावायची, ही मोठ्या साहेबांची कल्पना. टॉवेल गुंडाळून मागून जाणारे बाप, कॅमेरा चालू आहे हे विसरून नाक कोरणारी पोरं, मुलांच्या अंगावर धावून जाणाऱ्या आया. मंडळी बिस्किटं बुडवून खात आणि खिदळत. झाकणबाईने एकदा तोंड उघडलं होतं. साहेब म्हणाले, "अहो ताई, आपण सगळे घरचेच ना? बाहेर कुठे जातंय?" हेच साहेब पालकांच्या सभेत छातीवर हात ठेवून सांगत, मुलांचा खाजगीपणा म्हणजे आमचा श्वास. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

त्या शनिवारी गणिताच्या सरांची क्लिप होती. सहावीतली एक मुलगी. फी भरायची ऐपत नाही म्हणून संस्थेने तिला फुकट जागा दिली होती. तिला अपूर्णांकाची बेरीज विचारलेली. ती सांगायला लागते तोच मागे बाप झोकांड्या खात येतो, ताट भिरकावतो, शिव्यांची लाखोली सुरू करतो. पोरगी मागे वळूनही बघत नाही. ती फक्त हात पुढे करते आणि कॅमेऱ्यावर तळवा ठेवते. पडदाभर एक लहानसा तळवा, आणि त्याच्यामागून शिव्यांबरोबर तिचा उत्तर सांगणारा आवाज येत राहतो. बेरीज बरोबर होती.

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "आई गं, किती गोड!"

झाकणबाईला शिसारी आली. गोड? जिला बाप लपवायला स्वतःच्या तळव्याएवढीच जागा होती, ती पोरगी यांना गोड वाटत होती, बिस्किटासारखी.

क्लिप कुणाच्या तरी फोनात गेली, त्या फोनातून घरच्या पोरांकडे आणि तिथून वर्गात. वर्गात प्रश्न विचारायचा असला की मुलं स्क्रीनवरचं हाताचं चिन्ह दाबत. आता ती मुलगी बोलायला लागली की वर्गभर सगळ्यांचे हात वर. एकालाही प्रश्न विचारायचा नसायचा. दोन-चार तास तिने सोसलं आणि मग कॅमेरा कायमचा बंद केला. संस्थेचा नियम असा की कॅमेरा बंद म्हणजे गैरहजर, आणि सतत गैरहजर राहणाऱ्याची फुकट जागा जाते.

झाकणबाई तडक साहेबांकडे गेली.

"सर, ती क्लिप काढून टाका. आणि तिची हजेरी आवाजावर धरा."

"काढून कशाला टाकायची?" साहेबांचे डोळे चमकले. "ताई, ही क्लिप तुमच्या प्रशिक्षणातच घाला. खाजगीपणा का जपायचा, याचं याहून चांगलं उदाहरण मिळेल का? येत्या बुधवारी सगळ्या शाखा ऐकणार आहेत. डोळ्यांवर काळी पट्टी लावू पोरीच्या."

"म्हणजे पोरीला झाकायचं कसं, हे पोरीला उघडं करून शिकवायचं?"

"तुम्ही प्रत्येक गोष्टीला फाटे फोडता बुवा. आधी बुधवारी क्लिप लागू द्या, मग हजेरीचं बघू."

म्हणजे चक्क सौदा. ती बाहेर आली आणि बेसिनवर खसाखसा हात धुतले. हात मळले नव्हते, तरी धुतले.

घरी सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. निवृत्त मास्तरीण, जीभ अजून छडीसारखी. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "आमच्या वर्गात एक होती. फ्रॉक मागून फाटलेला, म्हणून फळ्यापाशी यायचीच नाही. मी तिला जागेवरूनच उत्तर द्यायला लावायचे. वर्गाला वाटायचं, बाई तिचे लाड करतात."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगायचं काय त्यात? मला दिसलं, तेवढं पुरे होतं. तुम्हाला मेल्यांना दिसलं की लगेच दाखवायचं असतं."

बुधवारी झाकणबाई कॅमेऱ्यासमोर बसली. सगळ्या शाखांचे शिक्षक, चौकोनाला चौकोन लागलेले, आणि कोपऱ्यात साहेब. इतर सगळं शिकवून झालं. खाजगीपणाचा भाग आला, तसे साहेब पुढे सरसावून म्हणाले, "हं ताई, लावा आता ती क्लिप."

तिने क्लिप लावली नाही. हात पुढे केला आणि स्वतःच्या कॅमेऱ्यावर तळवा ठेवला.

"आता मी तुम्हाला दिसत नाही," ती म्हणाली. "पण शिकवतेय. ऐकू येतंय ना? मग सांगा, मी हजर की गैरहजर?"

उत्तराची वाट तिने पाहिली नाही. हात तसाच ठेवून तिने उरलेला पाठ पूर्ण केला. नियम सगळे तेच, झाकायच्या गोष्टी त्याच. खांदा भरून आला, बोटं थरथरायला लागली. ते बहुतेक तिकडे दिसतही असेल. साहेबांनी दोनदा "ताई, ताई" केलं. तिने ऐकलं नाही.

आता या माणसांना थोडी तरी लाज वाटेल, असं तुम्हाला वाटत असेल. तिलाही वाटलं होतं. पण पालथ्या घड्यावर पाणी! शनिवारी मोठ्या पडद्यावर तिचाच तळवा झळकला. बोटं थरथरतायत, मागून तिचा आवाज. हास्याचा खळखळाट झाला. पुढच्या रांगेतून आवाज आला, "झाकणबाईने स्वतःवरच झाकण घातलं की!" साहेब डोळे पुसत म्हणाले, "झकास झालीय हो. ताई, ही आपण सगळीकडे दाखवू. तुमची काही हरकत नाही ना?"

त्या हसणाऱ्या तोंडांतून ओली बिस्किटं दिसत होती. ती उठून उभी राहिली.

"हरकत नाही," ती म्हणाली. "विचारलंत तरी. पोरीला कुणी विचारलं नव्हतं. माझा हात घ्या, हवा तिथे दाखवा, हवं तेवढं हसा. पण तिची क्लिप आत्ता, इथे, सगळ्यांसमोर पुसा. आणि तिची हजेरी लावा."

साहेब हसण्यावारी नेणार होते. तेवढ्यात मागे खुर्ची सरकली. गणिताचे सर. त्यांचा चहा तसाच होता, वर साय धरलेला.

"ती क्लिप मी पाठवली होती," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "ती मी परत घेतो. आणि बुधवारपासून मी तिची हजेरी लावतोय. कॅमेरा बंद असला तरी. ती उत्तरं देते."

मग कुणी हसलं नाही. साहेबांनी मान डोलावली, क्लिप पुसली. त्यांना काही पटलं होतं अशातला भाग नाही. त्यांना पडद्यावर लावायला एक हात हवा होता, तो कुणाचाही चालत होता. आणि कुणाकुणाच्या फोनात ती पोरगी अजून असेलच, हेही झाकणबाईला ठाऊक होतं. तिने आपला चहा बेसिनमध्ये ओतला आणि कप विसळून पालथा घातला.

सोमवारी ती गणिताच्या वर्गात जाऊन बसली, शिक्षक कसं शिकवतात ते बघायला जायची तशी. तो चिकट हेडफोन कानाला. मुलांच्या चेहऱ्यांमध्ये एक काळा चौकोन होता. सरांनी हाताचं चिन्ह वर्गापुरतं बंद करून ठेवलं होतं. अपूर्णांकांचा गुणाकार कोण सांगतंय, असं त्यांनी विचारलं. काळ्या चौकोनातून बारीक आवाज आला आणि पायरी पायरीने पुढे जाऊ लागला. अर्ध्यात मागे काहीतरी धाडकन आपटलं. एक भसाडा पुरुषी आवाज चढला. मुलगी थांबली.

सर स्क्रीनवरच्या फळ्यावर लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बरोबर चाललंय," ते म्हणाले. "आता खाली छेद काय येईल?"

मागचा आवाज चालूच होता. तिने छेद सांगितला.