आक्कांचा अनोळखी ठिपका

डावा तळहात हवेत उभा धरून आक्का म्हणायच्या, ‘‘गप रं आता. येतोय पाहुणा.’’

तासगावात आमच्या बेदाणा शेडला त्यांची शेड लागून. दिवस मावळला की त्या वॉचमनला दिवा घालवायला लावायच्या आणि रिकाम्या क्रेटवर दुर्बीण टेकवून बसायच्या. संध्याकाळच्या आकाशात न लुकलुकता सरकणारा ठिपका तुम्हीही पाहिला असेल. तो उपग्रह. कुठला कोण, हे आक्का शोधायच्या. ठिपका ठरलेल्या दोन ताऱ्यांच्या मधून गेला की त्या ‘‘हां!’’ म्हणायच्या आणि मी मोबाइलवरच्या घड्याळाचं बटण दाबायचो. ती जागा आणि वेळ परदेशातल्या हौशी मंडळींना जायची. ते उपग्रहांच्या याद्यांशी ताडून बघायचे.

सून म्हणायची, ‘‘आत्याबाई, आमच्यावर बी ठेवा की जरा नजर.’’

‘‘तुझी वाट पाठ हाय मला. ह्येंची न्हाई.’’

एकदा कुठल्याच यादीत नसलेला ठिपका त्यांना सापडला. लय खूश होत्या. दुसऱ्या संध्याकाळी तोच पुन्हा टिपला की त्याचा मार्ग काढता येणार होता.

त्या संध्याकाळी मी मोबाइलवर मॅच बघत होतो. शेवटची ओव्हर. ‘‘हां!’’ ऐकू आलं तेव्हा घड्याळ उघडलेलंच नव्हतं. घाबरलो आणि अंदाजाने एक वेळ ठोकून दिली.

गणित जुळेना. त्यातून निघालेल्या जागी ठिपका कुणालाच दिसला नाही. परदेशातून नम्र उत्तर आलं, बघण्यात चूक झाली असावी.

‘‘बटण येळंवर दाबलंवतंस न्हवं?’’ आक्कांनी विचारलं.

‘‘व्हय, आक्का.’’

‘‘मग डोळंच गेलं माजं.’’

दुर्बीण फडक्यात गुंडाळून त्यांनी सुनेकडे दिली. चार दिवसांत सांगू, असं मी मनाशी म्हणत राहिलो. कसलं सांगतोय! तिन्हीसांजेला त्यांच्या शेडकडे जायचंच टाळू लागलो. आक्का गेल्या, तरी कुणापाशी बोललो नाही. आज बोलतोय.

शेवटचं भेटलो ते त्यांच्या अंगणात. बोलता बोलता त्यांनी वर पाहिलं आणि मान हळूहळू फिरत गेली. मलाही दिसत होता, संथ, स्वच्छ ठिपका.

‘‘कायतरी गेलं का रं? का भास झाला मला?’’

हो म्हटलं असतं, तर सगळंच सांगावं लागलं असतं.

‘‘न्हाई वो, आक्का. काय बी न्हाई.’’

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि न घालताच मांडीवर धरून बसून राहिल्या.