दादाचं सत्त्वाचं पाणी

दादा सातवीपर्यंत शिकला. त्यापुढे त्याला शिकवण्यासारखं शाळेकडेच काही उरलं नव्हतं, असं तो सांगे. धाकट्या बहिणीच्या रोपवाटिकेत त्याचं काम झारीनं पाणी घालायचं. पण गिऱ्हाईक आलं की हात मागे बांधून तो मालक व्हायचा.

या खेपेला गाठ पार्सलीशी, म्हणजे कोथिंबिरीच्या विलायती बहिणीशी होती. हॉटेलचा आचारी बजावून गेला होता, "पुढच्या महिन्यात येतो. रोपं दिसली तर कायमची मागणी तुमची. नाहीतर पलीकडची रोपवाटिका आहेच."

पार्सलीचं बी म्हणजे रुसलेला जावई, मनधरणीशिवाय उठायचं नाही. धाकटी ते भिजत घाली, पाणी पिवळं झालं की ओतून देई, पुन्हा ताजं घाली. मग ट्रेंमधल्या मातीत पेरी.

पिवळं पाणी मोरीत जाताना बघून दादाचा जीव तीळतीळ तुटे. भिजवलेल्याचं पाणी टाकायचं नाही, हा आईचा नियम! पोरगी चार बुकं जास्त शिकली, तेवढीच अक्कल कमी झाली. त्यानं गुपचूप मोरीत बादली लावली आणि ते सत्त्व झारीत भरून रोज ट्रेंवर शिंपडू लागला.

एक सोडून सगळे ट्रे ढिम्म. धाकटीची झोप उडाली, बियांची काही उडेना.

"बीच म्हातारं असणार," दादा म्हणाला. "आधी मला विचारायचं."

आचारी यायच्या दिवशी सकाळी धाकटीनं झारी उचलली, हुंगली.

"दादा, यात काय आहे?"

"सत्त्व."

"अरे कर्मा! बी ज्यानं झोपून राहतं, तेच या पाण्यात उतरतं. म्हणून तर ओतत होते! मी झोपेचं औषध धुऊन काढायचं, आणि तू परत पाजायचंस?"

दादानं झारी घेतली आणि सत्त्व स्वतःच्या हातानं मोरीत ओतलं. असं पूर्वी कधी घडल्याचं कुणाला आठवत नाही.

धाकटी सगळ्यात खालच्या फळीपाशी वाकली. तिथवर वाकायला दादाचं पोट आड येई, म्हणून त्या कोपऱ्यातल्या ट्रेला तीच तांब्यानं साधं पाणी घाली. तोच एक ट्रे हिरवागार, आणि का ते तिला आत्ता कळलं!

आचाऱ्यानं तो उजेडात धरला. "चालेल. मागणी तुमची. याची निगा कुणी राखली?"

दादा खाकरला.

"यानंच," धाकटी म्हणाली. "फार उपकार केले. हात लावला नाही."

"बघितलंत?" दादानं छाती फुगवली. "कुठे हात लावायचा नाही, हे कळायलाही डोकं लागतं!"