बाबांच्या स्पीकरसाठी दोन डायोड

घशाच्या ऑपरेशननंतर बाबांचा आवाज छोट्या माइक-स्पीकरशिवाय कुणापर्यंत पोहोचत नसे. एका रविवारी विहारात वंदना घ्यायला निघताना स्पीकरचा सहा व्होल्टचा अडॅप्टर जळाला. घरात बारा व्होल्टचा अडॅप्टर होता आणि माझ्या सुट्या भागांच्या डब्यात बाराचे पाच व्होल्ट करणारा तीन पायांचा रेग्युलेटर. पाचावर स्पीकर नुसताच खरखरला.

"राहू दे, आज दुसरं कुणी म्हणेल," बाबा कुजबुजले.

"नक्को बाबा, होतंय," मी म्हणाले. रेग्युलेटरचा मधला पाय थेट मायनसला न जोडता मी मध्ये दोन डायोड डाग देऊन जोडले. त्यांच्यावरचा सव्वा व्होल्ट पाचात मिळणार, याची मला खात्री होती. मीटरवर सहाच्या किंचित वर आकडा आला.

बरकतपुऱ्याच्या विहारात बाबांची वंदना शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू आली.