येरमाळ्याच्या रानातले काळे-पांढरे खडे

चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसहाला, मी धाराशिवच्या स्टँडबाहेर लिंबं निवडत होतो. येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेला निघालो होतो, पण लिंबं दगडांसाठी होती.

गेल्या महिन्यात मी याच पेजवर लिहिलं होतं, की येरमाळ्याच्या चुनखडीच्या रानातले सगळे खडे तिथल्या मातीतच तयार झालेत. माझे मामा निवृत्त मास्तर. त्यांचा लगेच फोन आला. "महापुरानं आणलेत ते. जुन्या पुस्तकात हाय. अकरावी सोडलेल्यानं लोकांना शिकवू न्हाय. पोस्ट काढून टाक." शेवटी ठरलं, दोघांनी जाऊन बघायचं. मी चुकलो तर पोस्ट काढायची.

मामा पुस्तकाचं खोटं सांगत नव्हते. गोट्यांचे जुने थर पाहून सुरुवातीच्या कित्येक अभ्यासकांना जगबुडीच आठवली होती. बर्फानं किंवा साध्या नद्यांनी ते आणले असतील, हा विचार नंतर आला.

यात्रेत जादा एसटी मिळतात, पण उतरून बरंच चालावं लागतं. टोपी, पाणी न्याच. रानात माणसं वाकून पांढरे खडे वेचतात आणि ढिगावर टाकतात. त्या खड्यांच्याच चुन्यानं देऊळ रंगवतात. मामांनी आणि मीही मूठभर टाकले. एक खडा घासून त्यावर लिंबू पिळलं. बारीक फेस आला, म्हणजे चुनाच.

शेजारी खडे वेचणारी एक मावशी म्हणाली, "आरं, दगडाचं सरबत करतूस व्हय?"

"साखर इसरलाय त्यो," मामा म्हणाले.

खडा वेडावाकडा होता, वाहत आल्यासारखा झिजलेला नव्हता. मी खुशीत आलो. मग मामांनी मला जवळच्या ओढ्यावर नेलं. तुटलेल्या काठात, छातीएवढ्या उंचीवर, काळ्या गुळगुळीत गोट्यांचा थर.

"ह्ये बी मातीतच पिकलं का?"

हे गोटे वाहूनच आले होते. तरी मी वाकून बघत राहिलो. गोटे, वर वाळू, परत गोटे, परत वाळू. एका गोट्याला तर पांढरा चुना चहूबाजूंनी धरला होता.

"मामा, एकाच पुरात असं थरावर थर बसंल का? पाणी कितीदा तरी आलंय. आन् चुना मागनं, हितंच धरलाय."

मामांनी चष्मा पुसून तो गोटा बघितला. "तरी तू अर्धा चुकलासच की. काढ पोस्ट."

"न्हाय काढणार."

मामांना मी पहिल्यांदाच असं तोंडावर नाही म्हणालो. परतताना रसवंतीवर दोघांसाठी रस त्यांनीच मागवला.

घरी आल्यावर पोस्ट काढली नाही. ठरलेली बोली मोडली, कबूल. तिच्याखाली लिहिलंय, 'काळ्या गोट्यांबद्दल मी चुकलो होतो.' जगबुडी लिहिणारे चुकले म्हणून त्यांची पानं कुणी फाडली नाहीत, पुढच्यांनी काठ बघून दुरुस्त केली. मग माझंच पान का फाडायचं? माझं शिक्षणही तिथं लिहून ठेवलंय. पटत नसेल त्यानं त्या ओढ्यावर जावं, वाकून बघावं, आणि मग खुशाल भांडायला यावं.