रेठरेकर डॉक्टरांशी भांडण

केमोचं मोठं औषध चढवण्याआधी, अंगावर पित्त उठू नये म्हणून एक इंजेक्शन देतात. ते शिरेत गेलं की झोप येत नाही, चढते. आधी जीभ जड होते, मग पापण्या. दुपारचा वॉर्ड, शेजारच्या खाटेवरच्या बाईचं घोरणं, पंख्याचा खडखडाट. तो खडखडाट हळूहळू इंजिनाचा होतो आणि सलाईनची नळी मला घंटीच्या दोरीसारखी लोंबताना दिसते.

मी गाडीत उभी आहे. तासगाव डेपोची एसटी, माझी कंडक्टरची ड्यूटी. खांद्यावरून पट्टा उजव्या छातीवर येतो तिथं सपाट आहे, म्हणून पिशवी सारखी घसरते. खिडकीजवळ एकच प्रवासी. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी. रेठरेकर डॉक्टर. माझं ऑपरेशन यांनीच केलं. ते जाऊन चार महिने होत आले.

"तिकीट काढा," मी म्हणते.

"ओळखलं नाहीत?"

"ओळखलं म्हणूनच मागतेय."

ते हसत नाहीत. जिवंतपणीही हसायचे नाहीत. "पाटोळेबाई, तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात. चहा पिऊन गेलात."

गेले होते. ऑपरेशननंतर आलेला रिपोर्ट घेऊन भांडायला गेले, तर दारात चपलांचा ढीग. हॉलमध्ये चादर अंथरलेली आणि यांच्या फोटोला हार. यांच्या बायकोनं कप हातात दिला. मी तो प्यायले आणि गप परत आले. मेलेल्या माणसाशी कसं भांडायचं?

आता सीटच्या जागी तीच चादर आहे. आम्ही समोरासमोर बसलोय, मधे त्यांचा हार घातलेला फोटो. गाडी मात्र चालूच आहे.

"माझी छाती का काढली?"

"गाठ झपाट्यानं वाढत होती. मला स्तनाचा कॅन्सर वाटला. शंभरातल्या नव्याण्णव बायकांना तोच असतो."

"मला नव्हता ना!"

"नव्हता. तुम्हाला लिम्फोमा. तो पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, बहुतेक वेळा गळ्यात नाहीतर काखेत सुरू होतो. स्तनात क्वचित."

"त्याला कापायचं नसतं. औषधानं विरघळतो. आताच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सुईनं तुकडा काढून आधी तपासला असता तर कळलं असतं, असंही त्या म्हणाल्या."

"आठ दिवस थांबावं लागलं असतं."

"मी थांबले असते की! मला विचारलंत?"

ते फोटोवरची धूळ बोटानं पुसतात. स्वतःच्याच कपाळावरची. "यातही जाती असतात. एक संथ, वर्षानुवर्षं नुसती बसून राहते. एक पोटुशा नाहीतर अंगावर पाजणाऱ्या पोरींना होते, दोन्ही बाजूंना एकदम, आणि औषध वेळेवर मिळालं नाही तर बघताबघता खलास करते. तुमची मोठ्या पेशींची. स्तनात जास्त करून हीच सापडते. चिवट असते, पण एका जागी असताना पकडली तर बऱ्याच जणी बऱ्या होतात. चांगली जात मिळालीय, तरी तोंड करता."

"पेशींनाही जात लावलीत? आणि चांगली कुणासाठी? आंघोळ तुम्ही करता का माझ्या अंगानं?"

चादर थंड होते, खाली लोखंड लागतं. मी ऑपरेशनच्या टेबलावर आडवी आहे आणि छतावर गाडीचे दिवे लागलेत. डॉक्टर वरून वाकतात. त्यांच्या तोंडाला मास्क नाही, आणि श्वासही नाही.

"ही कधीकधी दुसऱ्या बाजूला येते," ते म्हणतात. "मेंदूतही जाते. तेव्हा कुणाकडे जाल?"

"कुणाकडेही जाईन. तुमच्याकडे नाही."

"बघू तरी डावी बाजू."

त्यांचा हात माझ्या काखेकडे येतो. तेव्हाही असाच आला होता, पडदा न ओढता, चार शिकाऊ डॉक्टरांसमोर. तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं होतं. आता मी मनगट पकडते. मेलेल्याचं मनगट गार असेल असं वाटलेलं, ते गरम आहे, त्याला नाडी आहे.

"हात लावायचा नाही."

"सोडा."

"आधी म्हणा, चुकलं."

"तुम्ही जगलात, मी मेलो. एवढ्यावर भागवा."

"नाही भागत. म्हणा."

ते हात हिसकतात. मी नखं रुतवते. त्यांचे ओठ हलतात, पण इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही. मी ओरडते, "मोठ्यानं म्हणा!"

"पाटोळेताई! अहो ताई, सोडा! सुई निघेल हातातली!"

पंखा. वॉर्ड. समोर शबाना सिस्टर, एका हातात थर्मामीटर. तिचा दुसरा हात माझ्या डाव्या काखेपाशी आहे आणि त्याचं मनगट माझ्या मुठीत. शेजारची बाई उठून बसलीय. मी बोटं सोडते. ती लगेच सुटत नाहीत.

"कुणाशी भांडत होता एवढं?"

माफी मागायला हवी, पण अजून राग उतरलेला नाही. तिला तो माझ्या तोंडावर दिसत असणार, कारण ती एक पाऊल मागं सरते.

"काखेत लावायचाय," ती थर्मामीटर दाखवते. "लावू का?"

तिच्या मनगटावर माझी चार नखं उमटलीत, चंद्रकोरीसारखी, आणि एकीतून रक्त येतंय. ती त्यावर स्पिरिटचा बोळा दाबते आणि माझ्या उत्तराची वाट बघत उभी राहते.