लॅपटॉप कोणाच्या मांडीवर

चामोर्शीच्या बाजाररस्त्यावर बाबूभाईंचा फोटो स्टुडिओ होता, तेव्हा त्यांचा एक नियम होता. लग्नातल्या बायकांच्या फोटोंची निगेटिव्ह ते दुकानात ठेवत नसत. फोटो धुऊन झाले की निगेटिव्ह खाकी पाकिटात घालून नवरीच्या आईच्या हातात देत. माझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नाचं तसलं पाकीट आमच्या कपाटात अजून आहे.

त्यांची मुलगी जमीला आमच्या शेजारी राहते. नवरा सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीवर ट्रक चालवतो, आठवड्यातून एखाद्या दिवशी घरी येतो. जमीला लग्नातल्या बायकांचे फोटो काढते. मुसलमान घरांत बायका वरच्या मजल्यावर आणि पुरुष खाली, अशी लग्नं होतात. वर पुरुष फोटोग्राफर चालत नाही. म्हणून गडचिरोलीपासून एटापल्लीपर्यंत तिला बोलावणी येतात. कॅमेरा तिचा चांगला आहेच, पण बोलावणी येतात ती वडिलांच्या त्या पाकिटामुळे.

आता निगेटिव्ह नाहीत. बायकांना फोटो तिथल्या तिथे मोबाइलवर हवे असतात. बाकीचे फोटोग्राफर ते कुठल्यातरी वेबसाइटवर टाकतात आणि लिंक पाठवतात. जमीला टाकत नाही. मी एकदा कारण विचारलं.

“टाकलं की ते कुठल्या गावच्या कॉम्प्युटरात जाऊन बसलं, मले काय माहीत, बाई? नवरीच्या आईले मी काय परत देऊ?”

तिच्या लॅपटॉपवर एक लहानसं ॲप आहे. ब्राउझर उघडायचा नाही, कुठे काही चढवायचं नाही. लॅपटॉप आणि मोबाइल एकाच वायफायवर असले की मोबाइलवाली थेट लॅपटॉपमधून आपले फोटो घेते. इंटरनेट बंद असलं तरी चालतं. अल्बम छापायलासुद्धा नागपूरच्या लॅबचं वेगळं ॲप आहे, त्यातून पानं सरळ लॅबला जातात. काम संपलं की ती नवरीच्या आईसमोर सगळं एका पेनड्राइव्हवर घालते, लॅपटॉपवरचं पुसते, आणि पेनड्राइव्ह खाकी पाकिटात घालून देते.

मागच्या हिवाळ्यात लाकडाचे व्यापारी रईसभाई यांच्या आफ्रीनचं लग्न होतं. आफ्रीनला मी इंग्रजी शिकवलेलं, म्हणून मेंदीला मलाही वर बसवलं होतं. जमीलाबरोबर तिची मदतनीस गोकुळा होती. गोकुळा तलावावर मासेमारी करणाऱ्या घरातली. चांदीच्या रंगाची एक मोठी गोल चकती घेऊन ती उजेड बरोबर चेहऱ्यावर पाडते.

मेंदी झाली आणि ढोलकी सुरू झाली. आफ्रीनची दादी, वय झालेली बाई, ओढणी कमरेला खोचून उठली आणि अशी नाचली की बाकीच्या थांबून बघत राहिल्या. जमीलाने सगळा व्हिडिओ घेतला आणि लॅपटॉपवर घातला. बायका मोबाइल काढून बसल्या. उजेडाचं काम संपलं होतं, म्हणून गोकुळा चकती काखेत घेऊन खाली निघाली.

थोड्याच वेळात जिन्यातून तिची आरोळी आली; ढोलकीच्या गलक्यात ती दाराजवळच्या मला आणि जमीलालाच नीट ऐकू आली.

“जमीलाबाई, बंद करा ते! इथी टीव्हीवर दादी नाचून राह्यली!”

खालच्या बैठकीत रईसभाईंनी पाहुण्यांसाठी भिंतीएवढा नवा टीव्ही लावला होता. कोणीतरी क्रिकेट लावायला रिमोटचं बटण दाबलं, तर पडद्यावरच्या यादीत ‘जमीला फोटो’ असं नाव आलं. त्याने ते दाबून पाहिलं. गोकुळा खाली पोचली तेव्हा दहा-बारा पुरुष चहाचे कप हातात धरून बघत होते. तिने सरळ टीव्हीसमोर जाऊन चकती आडवी धरली.

“अगं, बाजूले हो!”

“नाई होत! रिमोट कुठी आहे?”

रिमोट एका जाड्या पाहुण्याच्या खाली होता. तो सापडेपर्यंत गोकुळा हलली नाही.

वर जमीलाने लॅपटॉप बंद केला होता. काय झालं ते तिला लगेच कळलं होतं. आदल्या आठवड्यात गोकुळाच्या भाचीचं, रीताचं लग्न झालं. तिथे बायका-पुरुष सगळे एकाच मांडवात. आंदणात आलेला टीव्ही मांडवातच लावून गावाने फोटो पाहिले. त्यासाठी जमीलाने ॲपमधलं ‘टीव्हीवर दाखवा’ हे बटण चालू केलं होतं. ते तसंच राहिलं. शिवाय आफ्रीनच्या घरी बायकांना सोपं जावं म्हणून तिने घरचंच वायफाय घेतलं होतं. तेच वायफाय खालच्या टीव्हीलाही होतं.

जिन्यात रईसभाई खोकले. त्यांची बायको शाजिया दाराशी गेली. ते हळूच म्हणाले, पण दाराजवळ बसल्यामुळे मला ऐकू आलं. “टीव्ही बिघडला म्हण. वर काही सांगू नको. उद्या निकाह आहे.”

जमीला शाजियाच्या मागे येऊन उभी होती. “नाही, रईसभाई. फोटो ह्या बायकांचे आहेत. ह्यांना सांगावं लागेल.”

आणि खोलीच्या मध्ये उभी राहून तिने सांगितलं. बटण माझ्याकडून चालू राहिलं. खाली टीव्हीवर दिसलं. चूक माझी.

ढोलकी थांबलीच होती. एकीने विचारलं, “नवरदेवाकडचं कोणी होतं?”

“नाई,” तोवर वर आलेली गोकुळा म्हणाली, “घरचे अन् तुमचे नागपूरचे पाहुणे.”

दादीने चष्मा पुसला. “मी किती दिसली?”

“अर्धं गाणं, दादी.”

“अर्धंच? पुढचं तर चांगलं होतं.”

काही जणी हसल्या. आफ्रीनची खाला, म्हणजे मावशी, एटापल्लीहून आली होती. ती हसली नाही. तिने डोक्यावर ओढणी घेतली.

“पुढच्या महिन्यात माझ्या पोरीचं लग्न तुला सांगितलंय ना? नको येऊ. बाबूभाई असते तर असं झालं नसतं.”

जमीलाने मान खाली घातली. ती शाजियाला म्हणाली, “सगळं आत्ता तुमच्यासमोर पुसते, भाभी. पैसे नको.”

शाजियाने वळून आफ्रीनकडे पाहिलं. ती मेंदीचे हात वर धरून आईकडेच बघत होती.

“पुसू नको,” शाजिया म्हणाली. “माझ्या पोरीची मेंदी आहे ती. उद्याही ये. पण लॅपटॉप माझ्या मांडीवर राहील. मी म्हणेन तोच फोटो कोणाला मिळेल.”

दुसऱ्या दिवशी जमीलाने वायफायची स्वतःची डबी आणली, जिची तार कुठेच जात नाही. आधी खाली टीव्ही लावायला सांगितला, आणि यादीत आपलं नाव येत नाही हे शाजियाला दाखवलं. मग जरीच्या शरारात शाजिया गादीवर बसली, मांडीवर लॅपटॉप. एकेक फोटो आला की जिचा असेल तिला हाक मारायची. “हा देऊ? आणि हा?” एकीने नको म्हटलं की तो तिथेच पुसायचा. “गरम होते गं ही चूल,” म्हणून तिने खाली टॉवेल घेतला, पण लॅपटॉप दुसरीकडे दिला नाही. बायका तिच्याभोवती दाटीने बसल्या होत्या. एटापल्लीची खाला भिंतीशी बसून बघत होती.

पुढचे काही आठवडे जमीलाला कुठून बोलावणं आलं नाही. गोष्ट सगळीकडे पोचली होती. ती संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायची आणि कॅमेऱ्याची काच उगाच पुसायची.

मग एटापल्लीहून फोन आला. खालाने नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

“माझ्या घरी लॅपटॉप कोणाच्या मांडीवर राहील?”

“तुमच्या.”

“मग ये.”

तिथलं गोकुळाने मला सांगितलं. खालाने लॅपटॉपखाली ठेवायला कशिद्याची उशी करून घेतली होती. दिवसभर तिने एकेका बाईला विचारून फोटो दिले. शेवटी यादीत एकच राहिला, तिचा स्वतःचा, मुलीच्या केसांत गजरा माळतानाचा. जमीलाने विचारलं, “खाला, हा देऊ की पुसू?”

खाला पडद्याकडे वाकून बघत राहिली.

“दे,” ती म्हणाली. “आधी मले दे. मग पोरीले.”