आर्डिथचे ससे

अमेरिकेच्या मिझुरी राज्यातल्या एका खेड्यात आर्डिथ प्रुएटच्या घरामागे पाऊण एकर जमीन होती. घेवडा, बटाटे, भोपळे लावायचे, कोंबड्यांना दाणे टाकायचे, सशांना गवत घालायचं, ही सगळी तिची कामं. खाण्यासाठी ससा मारायचा तो मात्र नवऱ्याने, वेंडेलने. चाळीस वर्षं त्या वेळी ती घरात जाऊन मुद्दाम भांडी घासत उभी राहायची.

मार्चमध्ये वेंडेल वारला. जूनपर्यंत पिंजऱ्यांत तेवीस ससे झाले आणि दाटीमुळे एकमेकांना चावू लागले. शेजारचा म्हातारा लोवेल कुंपणापाशी आला.

"आर्डिथ, मी उरकून टाकतो. तू आत जा."

"आत जाऊन खूप भांडी घासली," ती म्हणाली. "तू एकदाच दाखव. पुढचं मी करते."

"जमेल?"

"चाळीस वर्षं खायला जमलं ना?"

लोवेलने एक मारून दाखवला. दुसरा तिने मारला. ससा तडफडला नाही. ती शेडमागे जाऊन ओकली, तोंड धुऊन परत आली आणि तिसरा उचलला. संध्याकाळी कांदा घालून तिने रस्सा केला. लोवेल पोटभर जेवला, तिने नुसते बटाटे खाल्ले. पुढच्या रविवारी मात्र तिने सगळं खाल्लं.

त्यानंतर एकोणीस वर्षं ती ससे पाळत होती. आसपासच्या बायका तिच्याकडे शिकायला यायच्या. एखादी रडली तर आर्डिथ शेजारी उभी राहून तिला रडू द्यायची, आणि डोळे पुसून झाले की ससा तिच्याच हातात द्यायची.